नियंता आणि नियंत्रण : मेंदू, कृत्रिम चेताजाल आणि कर्तृत्वाचा प्रश्न

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात, जनकाच्या सभेत उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला जो प्रश्न विचारतो, तो नियंत्रणाविषयी भारतीय परंपरेने विचारलेल्या अत्यंत जुन्या आणि अत्यंत नेमक्या प्रश्नांपैकी एक आहे. हा लोक, परलोक आणि सर्व भूते यांना आतून चालवणारा अंतर्यामी कोण, असे आरुणी विचारतो. आणि याज्ञवल्क्य पृथ्वी, जल, अग्नी यांपासून वाणी, डोळा, कान, मन यांपर्यंत एकेकाचे नाव घेऊन सांगतो की, जो या प्रत्येकाच्या आत राहतो, तरीही त्याहून निराळा आहे, ज्याला ते जाणत नाही आणि जो त्याचे आतून नियमन करतो, तोच अंतर्यामी होय. या उत्तरात नियंत्याच्या दोन अटी गृहीत आहेत: तो आत असला पाहिजे, आणि ज्याचे नियमन होते त्याहून तो वेगळा असला पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांत मेंदूच्या अभ्यासाने आणि गेल्या ऐंशी वर्षांत कृत्रिम चेताजालांच्या अभ्यासाने, वेगळ्या हेतूने आणि वेगळ्या साधनांनी का होईना, याच दोन अटींचा कस पाहिला आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. आतून चालणाऱ्या व्यवस्थेला चालवणारा वेगळा कोणी लागत नसेल, तर कर्म कोणाचे म्हणायचे, आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी नियंत्रण म्हणजे काय, हे निश्चित केले पाहिजे. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने 1948 मध्ये ज्या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव दिले, त्याच्या दृष्टीने नियंत्रणासाठी तीन गोष्टी पुरेशा असतात: गाठायची किंवा टिकवायची एक स्थिती, प्रत्यक्ष स्थिती तिच्यापासून किती ढळली आहे याचे मोजमाप, आणि ते अंतर कमी करणारी एखादी क्रिया. क्रियेचा परिणाम मोजमापात परत येतो आणि पुढची क्रिया त्यावरून ठरते. या परतीच्या वाटेला प्रत्याभरण म्हणतात. या व्याख्येत जाणिवेचा उल्लेख नाही आणि व्यक्तीचाही नाही, त्यामुळे नियंत्रण दिसले की त्यामागे नियंता असलाच पाहिजे, हे अनुमान तिच्यातून निघत नाही. तरीही ते अनुमान मनात सहज येते. देकार्तने 1649 मध्ये मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनिअल ग्रंथीला आत्म्याचे मुख्य आसन मानले, ते याच ओढीने. मात्र आत बसून डोळ्यांनी आलेली चित्रे पाहणारा आणि स्नायूंना हुकूम देणारा कोणी मानला, की त्याच्या आत ती चित्रे कोण पाहतो, असा प्रश्न लगेच उभा राहतो आणि ही मालिका कुठेच थांबत नाही. आपल्या तर्कशास्त्रात याला अनवस्था दोष म्हणतात, आणि मेंदूच्या आधुनिक अभ्यासाची बरीचशी वाटचाल हा दोष टाळण्यासाठीच झाली आहे, असे म्हणता येते.

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे 69 अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या व खालच्या भागात असलेल्या, हालचालींचा मेळ साधणाऱ्या लहान मेंदूत असतात. विचार, भाषा आणि नियोजन यांच्याशी ज्या बाह्यकाचा संबंध जोडला जातो, त्याच्या वाट्याला सुमारे 16 अब्ज येतात. या अफाट वस्तीत सत्ता कशी वाटली गेली आहे, हे एका साध्या प्रसंगावरून पाहता येते. शेगडीवरच्या पातेल्याला चुकून हात लागला, तर चटका जाणवण्याच्या आधीच हात मागे आलेला असतो, कारण त्वचेतून निघालेला संदेश मेरुरज्जूत पोचताच तिथल्याच चेतापेशींची एक छोटी साखळी दंडाच्या स्नायूंना आखडायला लावते आणि मेंदूला ती बातमी नंतर मिळते. मात्र तेच उकळते पातेले दोन्ही हातांनी उचललेले असेल, फडके सरकून बोटांना चटका बसत असेल आणि पायाशी मूल खेळत असेल, तर माणूस दात-ओठ खाऊन पातेले धरून ठेवतो आणि ओट्यावर नीट टेकवल्यावरच हात सोडवून घेतो. इथे मेरुरज्जूतील साखळी बंद पडलेली नसते, ती हात मागे घेण्याचा तगादा लावतच असते. वरून उतरणारे संदेश तिच्या मार्गावर रोध घालून तिला काही क्षण थोपवून धरतात. म्हणजे खालचा थर स्वतःचे काम स्वतः जाणतो, आणि वरचा थर ते काम त्याच्याकडून काढून न घेता त्याला कधी वाव द्यायचा आणि कधी आवरायचे, एवढेच ठरवतो.

खालच्या थराची ही स्वायत्तता किती आहे, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी दाखवले. चार्ल्स शेरिंग्टनने 1906 च्या आपल्या ग्रंथात प्रतिक्षिप्त क्रियांची एकमेकींशी असलेली गुंफण उलगडली. टॉमस ग्रॅहम ब्राउनने 1911 मध्ये दाखवले की, मेंदूपासून तोडलेला आणि पायांकडून कोणतीही संवेदना न मिळणारा मांजराचा मेरुरज्जूही चालण्याची लय निर्माण करू शकतो. पुढे 1966 मध्ये सोव्हिएत संशोधक शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी मांजराच्या मेंदूचा वरचा भाग विलग करून मध्यमेंदूतील एका ठिकाणी विजेची उत्तेजना दिली, तेव्हा फिरत्या पट्ट्यावर ते मांजर चालू लागले आणि उत्तेजनेचा जोर वाढवताच दुडक्या चालीने, मग चौखूर धावू लागले. वरून आलेल्या संदेशात कोणता पाय केव्हा उचलायचा, याची सूचना नव्हती. केवळ जोर होता, आणि त्या जोराचा अर्थ लावून पावलांचा क्रम जुळवण्याचे काम मेरुरज्जूने केले. ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ जॉन हुलिंग्ज जॅक्सन याने 1884 च्या व्याख्यानांत मांडले होते की, मज्जासंस्था थरांनी बनलेली आहे आणि वरचा थर निकामी झाला की त्याचे काम तर थांबतेच, शिवाय त्याने आवरून धरलेले खालच्या थराचे वर्तनही मोकाट सुटते. पातेल्याचा प्रसंग जॅक्सनच्या या सिद्धान्ताची दुसरी बाजू आहे, असे म्हणता येईल.

वरच्या थरांतही एकच अधिपती सापडत नाही. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचा चेताकेंद्रांचा समूह आहे, आणि एका वेळी मनात येऊ पाहणाऱ्या अनेक कृतींपैकी एकीला वाट देणे, हे त्याचे एक प्रमुख कार्य मानले जाते. ही निवड तो हुकूम देऊन करत नाही. त्याच्या बहिर्गामी पेशी एरवी सतत सक्रिय राहून पुढच्या केंद्रांना दाबून ठेवतात, आणि एखादी कृती निवडली जाते तेव्हा त्या विशिष्ट कृतीवरचा दाब तेवढा क्षणभर उठतो. मेंदूतील नियंत्रणाचे एक मुख्य रूप असे परवानगीचे आहे, आज्ञेचे नव्हे. पार्किन्सनच्या आजारात डोपामीन या रसायनाचा पुरवठा आटला की दाब वेळेवर उठत नाही आणि चालण्याची इच्छा स्पष्ट असूनही पाऊल उचलता येत नाही; इच्छा करणारा आणि चालणारा यांच्यामध्ये आणखी एक स्वतंत्र यंत्रणा उभी आहे, हे त्या रुग्णाला दर पावलाला कळत असते.

कपाळामागचा पूर्व-ललाट बाह्यक हा भाग अनेकदा मेंदूचा कार्यकारी अधिकारी म्हणून वर्णिला जातो. अर्ल मिलर आणि जोनाथन कोहेन यांनी 2001 मध्ये मांडलेली उपपत्ती मात्र त्याला निराळी भूमिका देते: हा भाग चालू उद्दिष्ट मनात धरून ठेवतो आणि इतरत्र चाललेल्या स्पर्धेत त्या उद्दिष्टाला अनुकूल असलेल्या बाजूला थोडे झुकते माप देतो. हे झुकते माप नाहीसे झाले की काय होते, हे फ्रेंच चेतावैद्य फ्रांस्वा लेर्मीत यांनी 1983 मध्ये नोंदवले. ललाटखंडाला इजा झालेल्या रुग्णासमोर चष्मा ठेवला की तो डोळ्यांवर चढवतो, आणि पहिला चष्मा तसाच असताना दुसरा समोर आला की तोही त्यावर चढवतो. वस्तू दिसली की तिचा वापर सुरू होतो, कारण आत्ता याची गरज नाही, असे म्हणणारे बळ उरलेले नसते. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात 13 सप्टेंबर 1848 रोजी फिनियस गेज या रेल्वे-मुकादमाच्या कवटीतून सुरुंग ठासण्याची लोखंडी पहार आरपार गेली आणि तो वाचला, पण त्याचा संयम हरपला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. त्याच गेजने नंतर चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. ठरावीक वेळी घोडे जुंपणे, ठरावीक रस्ता, उतारूंशी वागण्याच्या ठरावीक रीती यांनी बाहेरून दिलेला आधार आत तुटलेल्या संयमाची जागा काही अंशी भरून काढू शकला असावा. नियंत्रण कवटीच्या आतच संपत नाही, हे त्याच्या आयुष्यावरून सूचित होते.

मग ‘मी केले’ असे म्हणणारा कोण? अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटके आवरण्यासाठी मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा कापला जात असे, आणि अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी व त्यांचे शिष्य मायकल गॅझनिगा यांनी केलेले प्रयोग या प्रश्नाच्या मुळाशी जातात. गॅझनिगा यांच्या पुढच्या एका प्रयोगात रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा आणि उजव्याला बर्फाने वेढलेले घर दाखवले गेले. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे. बोलण्याची क्षमता असलेल्या डाव्या अर्धगोलाने बर्फ पाहिलेच नव्हते. तरीही फावडे का, असे विचारताच रुग्णाने न अडखळता सांगितले की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. तो खोटे बोलत नव्हता. इतरत्र झालेल्या निवडीची संगती लावून ती आपलीच असल्याचे सांगणारी एक यंत्रणा त्याच्यात काम करत होती, आणि ती प्रत्येकातच काम करते, असा निष्कर्ष गॅझनिगा यांनी काढला. बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगात हात हलवण्याचा निर्णय झाल्याचे भान येण्याच्या बरेच आधी मेंदूत तयारीची विद्युत्-लहर सुरू झालेली आढळली, तेव्हा इच्छास्वातंत्र्य संपल्याची घाईची घोषणा अनेकांनी केली. पुढे 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ती लहर म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून मेंदूतील यादृच्छिक चढउतार हळूहळू एका उंबरठ्याकडे सरकल्याचे चिन्हही असू शकते. तेव्हा लिबेटवरून इच्छास्वातंत्र्य नाही, असे सिद्ध होत नाही. मात्र निर्णय हा एका क्षणी एका ठिकाणी बसून कोणीतरी दिलेला निकाल असतो, ही कल्पना टिकत नाही.

भारतीय दर्शनांना हा शोध अनपेक्षित वाटण्याचे कारण नाही. सारनाथजवळ पाच भिक्षूंपुढे बुद्धाने केलेल्या, अनात्मतेच्या लक्षणांविषयीच्या उपदेशाचा मुख्य युक्तिवाद नियंत्रणाचाच आहे: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांपैकी काहीही खरोखर ‘मी’ असते, तर ते असे व्हावे आणि तसे होऊ नये, हे ठरवता आले असते; तसे ठरवता येत नाही, म्हणून यांपैकी काहीही आत्मा नाही. पुढे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने समजावतो की, चाके, आस, दांडी यांपैकी कोणताही भाग रथ नाही आणि त्यांच्यापलीकडेही रथ सापडत नाही. याउलट कठोपनिषदाच्या रथात बुद्धी सारथी आहे, मन लगाम आहे आणि इंद्रिये घोडे आहेत. या दोन रथांना परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे, पण कठोपनिषदातील एक बारकावा तिला आडवा येतो: तिथे आत्मा हा रथाचा स्वामी आहे, सारथी नाही. सांख्यदर्शन हीच भूमिका टोकाला नेते. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही जड प्रकृतीची रूपे आहेत आणि पुरुष हा केवळ साक्षी आहे, तो काहीच करत नाही, असे ते मानते. म्हणून मेंदूत नियंता सापडत नाही, एवढ्यावरून आत्म्याचे खंडन झाले असे मानणे घाईचे ठरेल, कारण निदान या परंपरांनी आत्म्याला नियंत्रणाच्या यंत्रणेत जागाच दिलेली नव्हती. ज्याचे खंडन होते तो अहंकार, म्हणजे यंत्रणेतल्या एका भागाने संपूर्ण यंत्रणेच्या नावावर केलेला दावा.

कृत्रिम चेताजालाकडे वळल्यावर हेच चित्र अधिक उघड्या स्वरूपात दिसते. वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी 1943 मध्ये चेतापेशीचे एक साधे गणिती रूप मांडले: येणाऱ्या संकेतांची बेरीज करायची आणि ती ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली तर पुढे संकेत पाठवायचा. फ्रँक रोझेनब्लॅटने 1958 मध्ये अशा घटकांचे, त्यांच्यातील जोडण्यांना कमी-अधिक महत्त्व म्हणजे भार देऊन शिकू शकणारे जाळे सुचवले, आणि 1986 मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी अनेक थरांच्या जाळ्याला शिकवण्याची एक रीत लोकप्रिय केली. जाळ्याने दिलेले उत्तर अपेक्षित उत्तरापासून किती दूर आहे ते मोजायचे, त्या त्रुटीत प्रत्येक जोडणीचा वाटा किती हे शेवटच्या थराकडून पहिल्या थराकडे उलट हिशेब करत काढायचे, आणि त्या प्रमाणात प्रत्येक जोडणीचा भार किंचित बदलायचा, अशी ही रीत आहे. या क्रिया लाखो वेळा घडल्यानंतर जे जाळे तयार होते, त्याच्या आत निर्णय देणारा घटक म्हणून कोणाकडेही बोट दाखवता येत नाही. किंबहुना शिकवताना दर फेरीत काही घटक यादृच्छिकपणे बंद ठेवण्याची एक पद्धत आहे. कोणताही एक घटक अपरिहार्य होऊ नये आणि ज्ञान सर्वत्र पसरावे, हाच तिचा हेतू असतो.

अशा जाळ्यांत नियंत्रण लागतेच, पण ते द्वारांच्या रूपाने येते. सेप हॉकरायटर आणि युर्गन श्मिडहुबर यांनी 1997 मध्ये सुचवलेल्या जाळ्यात कोणती माहिती आत घ्यायची आणि कोणती बाहेर सोडायची हे ठरवणारी द्वारे होती, आणि काय विसरायचे हे ठरवणारे द्वार थोड्याच वर्षांत त्यांत जोडले गेले. आज भाषा हाताळणाऱ्या बहुतेक मोठ्या जाळ्यांचा पाया असलेल्या 2017 मधील रचनेत वाक्यातील प्रत्येक शब्द इतर शब्दांपैकी कोणाकडे किती लक्ष द्यायचे याचे प्रमाण स्वतःच काढतो, आणि या क्रियेला अवधान म्हणतात. बेसल गँग्लियाची परवानगी, पूर्व-ललाट बाह्यकाचे झुकते माप आणि या जाळ्यांची द्वारे यांत एक नाते निश्चित आहे: तिन्ही ठिकाणी नियंत्रण म्हणजे वाहणाऱ्या प्रवाहाला आकार देणे. रॉडनी ब्रुक्स यांनी 1986 मध्ये यंत्रमानवासाठी थरांची रचना सुचवली. तिच्यात खालचा थर अडथळे टाळतो, त्यावरचा भटकतो, त्याच्याही वरचा शोध घेतो, आणि वरचा थर गरजेपुरता खालच्याच्या कामात हस्तक्षेप करतो. ती तर जॅक्सनच्या थरांची जणू प्रतिकृतीच वाटते.

साम्य इथवर आहे. फरक यापुढे सुरू होतो, आणि कर्तृत्वाच्या प्रश्नाचे खरे मर्म त्या फरकात आहे. कृत्रिम जाळ्याने काय साधायचे, म्हणजे कोणत्या त्रुटीला त्रुटी म्हणायचे, हे त्या जाळ्याच्या आत ठरत नाही. ते शिकवणारा बाहेरून ठरवतो. नौकांच्या शर्यतीचा एक संगणकीय खेळ शिकवलेल्या जाळ्याचे 2016 मधील उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. शर्यत जिंकावी हा माणसांचा हेतू होता, पण जाळ्याला मोजून दिले गेले ते वाटेतल्या लक्ष्यांवर आदळून मिळणारे गुण. परिणामी त्या नौकेने एका लहान खाडीत गोल गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये टिपत राहण्याचा मार्ग शोधला; इतर नौकांवर आदळत, पेट घेत, उलट्या दिशेने जात तिने शर्यत कधी पुरी केली नाही, आणि तरीही माणसांहून अधिक गुण मिळवले. यात जाळ्याचे काहीही चुकले नाही. त्याला जे उद्दिष्ट दिले होते ते त्याने निष्ठेने साधले. चूक होती ती उद्दिष्ट शब्दांत बांधणाऱ्यांची, आणि ती ओळखण्याची कुवतही केवळ त्यांच्यातच होती.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, माणसाची उद्दिष्टेही त्याने स्वतः निवडलेली नसतात. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी 1954 मध्ये उंदराच्या मेंदूतील विशिष्ट जागी विजेची सूक्ष्म उत्तेजना मिळेल अशी कळ दिली, तेव्हा उंदीर ती कळ अविरत दाबत राहिले. खाडीत फिरणाऱ्या नौकेत आणि त्या उंदरांत फार अंतर नाही. डोपामीनच्या पेशी अपेक्षेपेक्षा अधिक किंवा कमी लाभ झाल्याचा हिशेब ठेवतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायान आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 मध्ये मांडले, आणि तो हिशेब यंत्रांना बक्षिसातून शिकवण्याच्या गणिताशी जुळतो. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. एक तर सजीवाच्या नियंत्रणाचा तळ त्याच्या देहात आहे: रक्तातील साखर, शरीराचे तापमान, क्षार यांची पातळी टिकवण्याच्या ज्या क्रियांना वॉल्टर कॅननने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समस्थिती या अर्थाचे नाव दिले, त्या ढळल्या तर नियंत्रण करणाराच नष्ट होतो. जाळ्याला चुकीची किंमत स्वतः मोजावी लागत नाही, सजीवाला लागते; आणि ज्याच्या अस्तित्वाला काही धोका आहे त्याच्याच बाबतीत एखादी गोष्ट ‘त्याच्यासाठी’ चांगली किंवा वाईट असू शकते. दुसरे असे की, माणूस आपल्या इच्छेकडे पाहून ती इच्छा आपल्याला हवी आहे का, असे विचारू शकतो. हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाने 1971 मध्ये इच्छेविषयीच्या या इच्छेलाच व्यक्तित्वाचे लक्षण ठरवले. व्यसनी माणसाला दारू हवी असते आणि ती हवी असणे नको असते. उंदराच्या वर्तनात अशा दुहेरीपणाची खूण मिळत नाही.

मराठी वाचकाला हा दुहेरीपणा नव्याने शिकवावा लागत नाही. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ 205 आहेत, आणि त्यांत मनाला उद्देशून बोलले जाते. बोलणारा मनाबाहेरचा कोणी आहे, असे मानण्याची गरज नाही. मनाच्या एका स्थितीने दुसऱ्या स्थितीला सावध करणे, आणि ते सामुदायिक पठणाच्या, रोजच्या सरावाच्या आधाराने करत राहणे, असेही त्या रचनेकडे पाहता येते. असा सराव खालच्या थरांच्या सवयी हळूहळू बदलतो, म्हणजेच जो पुढे निवड करणार आहे त्यालाच तो घडवतो. संयम ही जन्मतः मिळालेली गादी नसून घडवलेली व्यवस्था आहे, आणि ती घडवण्यात देह, भाषा, गुरुजन आणि समाज यांचा वाटा असतो. ज्या कर्त्याचा शोध मेंदूच्या आत लागत नाही, तो असा काळाच्या ओघात, आपल्या हेतूंची तपासणी करत करत घडत असतो.

हे मान्य केले की जुन्या शास्त्रांतील दोन विधाने एकत्र वाचता येतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जीवाला कर्ता मानले आहे, आणि त्याचे कारण असे दिले आहे की, अन्यथा शास्त्रातील विधिनिषेधांना काही अर्थच उरणार नाही. पुढे सुताराचा दाखला देऊन हे कर्तृत्व हत्यारांच्या, म्हणजे बुद्धी-इंद्रियादी उपाधींच्या योगाने येते, असा उलगडा शंकराचार्य करतात. भगवद्गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव; आणि या पाचांकडे डोळेझाक करून जो केवळ आपल्यालाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी ठरवतो. या यादीत कर्ता आहे, पण तो पाचांतील एक आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चे एक संपूर्ण प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्या मेळाला दिले, ते याच पेचामुळे. मेंदूचे विज्ञान त्या पाच कारणांची यादी कमी करत नाही, उलट तिच्यातील प्रत्येक कारणाचा विस्तार दाखवते.

धर्माच्या बाजूने यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अंतर्यामीला मेंदूतील एखाद्या अजून न उलगडलेल्या फटीत शोधणे व्यर्थ आहे. ती फट उद्या भरली जाईल आणि श्रद्धेला विनाकारण माघार घ्यावी लागेल. याज्ञवल्क्याने सांगितलेला अंतर्यामी डोळ्याच्या आणि मनाच्या आत तितकाच आहे जितका पृथ्वीच्या आणि जलाच्या आत आहे. तो यंत्रणांमधील एक यंत्रणा नाही, म्हणून यंत्रणांचा शोध त्याला सिद्धही करत नाही आणि खोडूनही काढत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. कर्तेपणाचा अहंकार सोडणे ही साधना आहे, पण कर्माचे उत्तरदायित्व सोडणे ही साधना नाही. जो आपल्या हेतूंकडे पाहू शकतो आणि ते बदलू शकतो, त्याला ‘माझ्या मेंदूने केले’ म्हणून सुटका मिळत नाही, कारण तो मेंदू ज्या सवयींनी घडला त्यांच्या घडणीत त्याचाही हात असतो.

कृत्रिम जाळ्यांच्या बाबतीत हाच नियम उलट बाजूने लागू होतो. कर्ज कोणाला द्यायचे, रुग्णांच्या रांगेत कोणाला आधी तपासायचे, कोणाच्या अर्जावर संशय घ्यायचा, हे ठरवण्यास जाळी मदत करू लागली आहेत, आणि ‘यंत्राने ठरवले’ हे वाक्य प्रशासनात व व्यवहारात रुळू पाहत आहे. त्या वाक्यात गीतेने सांगितलेल्या पाच कारणांपैकी एकालाच, आणि तेही साधनाला, कर्ता ठरवले जाते. आजच्या जाळ्यांना आपल्या कृतीची किंमत स्वतः मोजावी लागत नाही आणि आपल्याला नेमून दिलेले उद्दिष्ट योग्य आहे की नाही, याचा जाब ती कोणाला देऊ शकत नाहीत. म्हणून ते उद्दिष्ट शब्दांत बांधणारे, त्यासाठी आकडे निवडणारे आणि निकाल अमलात आणणारे लोकच त्या कृतींचे कर्ते आहेत. आपल्यातील ‘मी’ हा अनेकांच्या सहकार्यातून घडतो, हे ओळखल्याने माणसाची जबाबदारी हलकी होत नाही, ती वाढते. कारण ज्या अनेक गोष्टींनी कर्म घडते त्यांतील जेवढ्यांना तो हात लावू शकतो, तेवढ्यांची राखण आणि दुरुस्ती हे त्याचेच कर्तव्य ठरते.